‘डिसकनेक्टेड’ कुठे लिहायचं आणि कुठे टाळायचं

घोडबंदर रोडवरच्या एखाद्या सोसायटीत रात्री वीज जाते आणि सकाळी वीज कंपनीला इंग्रजीत ईमेल जातो: ‘अवर सप्लाय इज डिसकनेक्टेड फ्रॉम यस्टरडे.’ या ओळीत दोन चुका आहेत. ‘फ्रॉम’ची चूक व्याकरणाची आहे, तिच्याकडे पुढे येऊ. जास्त महागात पडते ती ‘डिसकनेक्टेड’ची चूक. वीजपुरवठ्याच्या व्यवहारात या शब्दाचा अर्थ ‘कंपनीने जोडणी तोडली’ असा होतो, आणि जोडणी बहुतेक वेळा थकबाकीपोटीच तोडली जाते. म्हणजे तक्रार लिहिणाऱ्याला सांगायचा असतो फॉल्ट, आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर येतं न भरलेलं बिल.

हा शब्द ठाणे-नवी मुंबईत रोज कुठे ना कुठे लागतो. महावितरणला अर्ज, सोसायटीची नोटीस, ऐरोली-महापेच्या ऑफिसमधलं हेल्पडेस्कचं तिकीट, मुलांचा निबंध, इंजिनिअरिंगचा पेपर. प्रत्येक ठिकाणी त्याचा अर्थ थोडा सरकतो. म्हणून वापरण्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात: आधी जोडलेलं होतं का, नेमकं काय तुटलं, आणि ते कोणी तोडलं की आपोआप तुटलं.

आधी जोडलेलं होतं का?

‘कनेक्ट’च्या मुळाशी बांधणे या अर्थाचा लॅटिन धातू आहे आणि पुढे लागलेला ‘डिस’ ती गाठ सोडवतो. त्यामुळे वस्तू, वायर, पाइप, पुरवठा यांच्या बाबतीत ‘डिसकनेक्टेड’ म्हटलं की आधी जोडणी होती आणि आता नाही, हे गृहीत असतं. उलव्यातल्या किंवा तळोज्यातल्या नव्या टॉवरमध्ये पाइप गॅस अजून आलाच नसेल, तर ‘द फ्लॅट इज डिसकनेक्टेड’ हे चूक. तिथे ‘द फ्लॅट इज नॉट येट कनेक्टेड टु पाइप्ड गॅस’ असंच लिहावं. नाहीतर समोरचा माणूस तुमचा जुना ग्राहक क्रमांक मागेल, जो मुळात नाहीच.

दोन घटनांचा एकमेकींशी कधीच संबंध नव्हता असं सांगायचं असेल तर शब्द आहे ‘अनरिलेटेड’ किंवा ‘अनकनेक्टेड’. एकाच आठवड्यात वाशीत आणि नेरूळमध्ये चोऱ्या झाल्या आणि त्यामागे वेगवेगळी माणसं निघाली, तर ‘द टू थेफ्ट्स आर अनरिलेटेड’. इथे ‘डिसकनेक्टेड’ लिहिलं तर आधी काहीतरी दुवा होता आणि तो तुटला, असा विचित्र वास येतो. मात्र एका मालिकेत सूत्रच नाही असं म्हणायचं असेल तेव्हा ‘अ सीरिज ऑफ डिसकनेक्टेड इव्हेंट्स’ चालतं. तिथे रोख दोन घटनांवर नसतो, धागा नसण्यावर असतो.

वीज, पाणी, गॅस

महावितरणच्या नोंदींत ‘टीडी’ आणि ‘पीडी’ अशी दोन आद्याक्षरं भेटतात: टेम्पररिली डिसकनेक्टेड आणि परमनंटली डिसकनेक्टेड, म्हणजे तात्पुरता खंडित आणि कायमस्वरूपी खंडित. जुना फ्लॅट विकत घेताना ‘मीटर पीडी आहे’ असं ऐकलंत तर त्याचा अर्थ मीटर बिघडलाय असा नाही. त्या जोडणीचा व्यवहार बंद झालेला आहे, आणि जुनी थकबाकी आहे का हे कागदावर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

वीज कायदा २००३ च्या कलम ५६ नुसार थकबाकीपोटी वीज तोडण्याआधी किमान १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. त्या नोटिशीत जो ‘डिसकनेक्शन’ शब्द असतो त्याच कुळातला आपला ‘डिसकनेक्टेड’. फॉल्ट, केबल जळणं, ट्रान्सफॉर्मर उडणं यांना हा शब्द लावू नये. तिथे ‘पॉवर फेल्युअर’, ‘आउटेज’ किंवा सरळ ‘नो सप्लाय’. फॉल्टची तक्रार अशी लिहावी:

‘देअर हॅज बीन नो पॉवर सप्लाय इन अवर बिल्डिंग सिन्स ११ पी.एम. यस्टरडे. ऑल बिल्स आर पेड. प्लीज सेंड समवन टु चेक द फॉल्ट.’

खाली बारा आकडी ग्राहक क्रमांक आणि इमारतीचा पत्ता. ‘बिल भरलेलं आहे’ हे वाक्य दिसायला फालतू वाटतं, पण ते गैरसमजाची वाटच बंद करतं, म्हणून ते गाळू नका.

खरोखर थकबाकीपोटी वीज तोडली असेल आणि पैसे भरून झाले असतील, तर मात्र ‘डिसकनेक्टेड’ हाच नेमका शब्द:

‘द सप्लाय टु फ्लॅट ३०४ वॉज डिसकनेक्टेड ऑन १२ जून. द ड्यूज वेअर पेड ऑन १३ जून. प्लीज रिस्टोर द सप्लाय.’

इथे ‘वॉज’ का? कारण तारीख दिली आहे आणि ती कृती त्या दिवशी घडून संपली. तारीख न देता नुसती बातमी द्यायची असेल तर ‘हॅज बीन डिसकनेक्टेड’. आत्ताची स्थिती सांगायची असेल तर ‘इज डिसकनेक्टेड’. तिन्ही बरोबर आहेत. अर्जात मात्र तारखेसकट ‘वॉज’ सगळ्यात उपयोगी, कारण कारकुनाला नोंद शोधायला तारीखच लागते. उलट क्रियेसाठी ‘रिस्टोर’ किंवा ‘रिकनेक्ट’ दोन्ही चालतात. रोजच्या बोलण्यातलं ‘लाइट चालू करा’ इंग्रजीत ‘स्टार्ट द लाइट’ होत नाही.

आता वस्तूंचं. सिंकखालचा पाइप प्लंबरने काढून ठेवला असेल तर ‘द पाइप वॉज डिसकनेक्टेड’. तोच पाइप आपोआप निसटला आणि स्वयंपाकघरभर पाणी झालं तर ‘द पाइप केम ऑफ’. वायर अर्धवट सैल असेल तर ‘लूज कनेक्शन’. प्लग नुसता काढून ठेवलेला असेल तर ‘अनप्लग्ड’. भांडण दुरुस्तीच्या खर्चावरून असेल तेव्हा हा फरक पैशांचा होतो, कारण ‘वॉज डिसकनेक्टेड’मध्ये कोणीतरी हात लावला हे दडलेलं आहे. नुकसानभरपाईच्या पत्रात तो शब्द आला की पुढचा प्रश्न ठरलेला: कोणी काढला?

‘पासून’ आणि ‘शी’: मराठी माणसाची नेहमीची ठेच

मराठीतला ‘पासून’ दोन कामं करतो. ‘टाकीपासून पाइप सुटला’ यात तो वियोग दाखवतो, ‘सोमवारपासून पुरवठा बंद आहे’ यात काळ. इंग्रजीत या दोन कामांना दोन वेगळे शब्द आहेत. वियोगाला ‘फ्रॉम’, सुरू झालेल्या आणि अजून चालू असलेल्या काळाला ‘सिन्स’. ‘डिसकनेक्टेड’च्या मागे ‘फ्रॉम’ आला की वाचणाऱ्याला पुढे वस्तू, जागा किंवा माणूस अपेक्षित असतो. ‘डिसकनेक्टेड फ्रॉम मंडे’ वाचताना तो क्षणभर अडखळतो, जणू काही सोमवार नावाच्या वस्तूपासून काहीतरी सुटलंय.

कालावधी मोजून सांगायचा असेल तर ‘फॉर’. म्हणून:

‘द लिफ्ट फोन हॅज बीन डिसकनेक्टेड सिन्स मंडे.’
‘द लिफ्ट फोन हॅज बीन डिसकनेक्टेड फॉर टू डेज.’
‘द लिफ्ट फोन इज डिसकनेक्टेड फ्रॉम द मेन लाइन.’

तिसऱ्या वाक्यात ‘फ्रॉम’ योग्य जागी आहे. पहिल्या दोन वाक्यांत ‘इज’ चालत नाही, ‘हॅज बीन’च हवं. ‘सिन्स’ किंवा ‘फॉर’ने काळ आला की ‘इज’ खोडायचं, एवढं हाताला वळण लावलं तरी निम्म्या चुका जातात.

दुसरी ठेच ‘शी’ची. ‘माझा त्या प्रकरणाशी संबंध नाही’ हे डोक्यात असतं आणि ‘शी’चा ‘विथ’ होऊन ‘डिसकनेक्टेड विथ’ कागदावर उतरतं. ते चूक. जोड्या अशा पाठ कराव्यात: डिसकनेक्टेड फ्रॉम, डिटॅच्ड फ्रॉम, आयसोलेटेड फ्रॉम, कट ऑफ फ्रॉम. मात्र अनरिलेटेड टु आणि इररेलेव्हंट टु. ‘अनकनेक्टेड’ला ‘टु’ आणि ‘विथ’ दोन्ही चालतात. आणि मूळ वाक्य, म्हणजे प्रकरणाशी संबंध नसल्याचं, यांतल्या कशानेच नीट होत नाही. त्याला ‘आय हॅव नथिंग टु डू विथ इट’ हेच इंग्रजी.

फोन आणि इंटरनेट

बोलता बोलता फोन बंद पडला तर ‘द कॉल गॉट डिसकनेक्टेड’ हे भारतातल्या कुठल्याही कॉल सेंटरात चालतं आणि समजतं. ‘कॉल कट झाला’वरून आलेलं ‘द कॉल गॉट कट’ परदेशी ग्राहकाशी बोलताना टाळावं, तिथे ‘वी गॉट कट ऑफ’ म्हणतात. नेटवर्कमुळे गेला तर ‘द कॉल ड्रॉप्ड’. समोरच्याने मुद्दाम ठेवला तर ‘ही हंग अप’. तक्रारीच्या नोंदीत हे वेगळं लिहिणं आवश्यक आहे. ‘कस्टमर हंग अप’ आणि ‘कॉल ड्रॉप्ड’ यांत दोष कोणाचा हे ठरतं, ‘डिसकनेक्टेड’मध्ये ते झाकलं जातं.

‘धिस नंबर हॅज बीन डिसकनेक्टेड’ याचा अर्थ फोन लागत नाही असा नाही, तो नंबरच आता सेवेत नाही. फोन बंद असेल तर ‘स्विच्ड ऑफ’, रेंजमध्ये नसेल तर ‘नॉट रीचेबल’.

हेल्पडेस्कला लिहिताना काळ बदलतो. व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी बाहेरून जोडणारी सुरक्षित जोडणी, दर दहा मिनिटांनी तुटत असेल तर ‘माय व्हीपीएन इज डिसकनेक्टेड’ लिहू नये. तिकीट उघडेपर्यंत ते पुन्हा जोडलेलं असतं, तंत्रज्ञ बघतो, सगळं ठीक दिसतं आणि तिकीट बंद होतं. लिहावं ‘माय व्हीपीएन कीप्स डिसकनेक्टिंग एव्हरी टेन मिनिट्स’. ‘कीप्स’मुळे दोष पुन्हा पुन्हा येतो हे कळतं. आणि वाय-फाय जोडलेलं दिसतंय पण पान उघडत नाही, ही तिसरीच अवस्था: ‘कनेक्टेड, बट देअर इज नो इंटरनेट’. तिला ‘डिसकनेक्टेड’ म्हटलं की माणूस राउटर तपासत बसतो आणि बिघाड बाहेरच्या लाइनमध्ये असतो.

बोलणं आणि लिहिणं

वाक्यांना एकमेकांचा आधार नसेल, विचार सांधलेले नसतील, तर ‘डिसकनेक्टेड सेंटेन्सेस’, ‘डिसकनेक्टेड थॉट्स’. इथे आपल्या मराठी शब्दांची नीट वाटणी करायला हवी, कारण ‘तुटक’, ‘असंबद्ध’, ‘विसंगत’ हे तिन्ही शब्द शब्दकोशात जवळजवळ सापडतात आणि इंग्रजीत तीन दिशांना जातात.

तापातल्या माणसाने तुटक तुटक चार शब्द बोलावेत, ते ‘अ फ्यू डिसकनेक्टेड वर्ड्स’. पण ‘तो माझ्याशी तुटक वागला’ म्हणजे कोरडेपणाने, थोडक्यात उरकून. त्याला ‘कर्ट’ म्हणतात, ‘डिसकनेक्टेड’ कधीच नाही. असंबद्ध बडबड, जिचा अर्थच लागत नाही, ती ‘इन्कोहीरंट’. विषयाला सोडून आलेला असंबद्ध मुद्दा ‘इररेलेव्हंट’. विसंगत, म्हणजे आधीच्या विधानाला छेद देणारं, ते ‘इनकन्सिस्टंट’. साक्षीदाराचा जबाब ‘डिसकनेक्टेड’ म्हटला तर तो नीट सांगू शकत नाही एवढंच निघतं. ‘इनकन्सिस्टंट’ म्हटला तर त्याच्या दोन विधानांचा मेळ बसत नाही असं निघतं. या दोहोंची अदलाबदल धोक्याची आहे.

निबंधाची मांडणी विस्कटलेली असेल तर शिक्षक ‘डिसजॉइंटेड’ लिहितात. तुकडे आहेत, क्रमही असेल, पण सांधे निखळलेले आहेत, असा त्याचा भाव. ‘डिसकनेक्टेड’ त्याहून थोडा सौम्य. मुलाच्या वहीवर नुसता हा शेरा मारून उपयोग नाही. कोणत्या दोन परिच्छेदांमधला दुवा हरवलाय तिथे बाण काढावा आणि ‘बिकॉज’, ‘हाउएव्हर’, ‘अ‍ॅज अ रिझल्ट’ यांपैकी काय बसेल ते त्यालाच शोधू द्यावं. कुठलाच शब्द बसत नसेल तर तो परिच्छेद तिथला नाहीच.

पेपरातल्या मराठीचा सापळा

पावसाळ्यात मराठी बातम्या इंग्रजीत करताना हा शब्द हमखास चुकीच्या जागी पडतो. ‘लोकलसेवा विस्कळीत’ म्हणजे ‘सर्व्हिसेस डिसरप्टेड’. गाड्या उशिरा धावतात, काही रद्द होतात, पण रूळ जोडलेलेच असतात. ‘मुरबाड-शहापूरमधल्या गावांचा संपर्क तुटला’ म्हणजे ‘व्हिलेजेस कट ऑफ’. ‘कट ऑफ’मध्ये रस्ता बंद होऊन माणसं पलीकडे राहिल्याचं चित्र आहे, ते ‘डिसकनेक्टेड’मध्ये नाही. माणसं मध्येच अडकली तर ‘स्ट्रँडेड’. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस उभी राहिली तेव्हा तिचे प्रवासी ‘स्ट्रँडेड’ होते.

आणखी एक नातेवाईक शब्द रोज कानावर पडतो: ‘आयसोलेटेड’. हवामान खात्याच्या इशाऱ्यात ‘हेवी रेन अ‍ॅट आयसोलेटेड प्लेसेस’ असतं. अनेकांना वाटतं की हे दुर्गम, एकाकी जागांबद्दल आहे आणि आपण ठाण्यात राहतो म्हणजे सुटलो. तसं नाही. ही पावसाच्या पसाऱ्याची ठरलेली मोजणी आहे. भागातल्या पाऊस मोजणाऱ्या २५ टक्के किंवा त्याहून कमी केंद्रांवर पाऊस म्हणजे ‘आयसोलेटेड’, २६ ते ५० टक्के ‘स्कॅटर्ड’, ५१ ते ७५ ‘फेअरली वाइडस्प्रेड’, त्यापुढे ‘वाइडस्प्रेड’. मराठीत ‘तुरळक ठिकाणी’ म्हणतात ते हेच. तुरळक ठिकाणी मुसळधार पाऊस पडेल, आणि त्या ठिकाणांत तुमची कळवा किंवा कोपरखैरणे असू शकते.

माणसं आणि मन

‘आय फील डिसकनेक्टेड फ्रॉम माय टीम’ हे आता ऑफिसमध्ये सहज ऐकू येतं. यात राग नाही, आरोप नाही, फक्त नाळ जुळत नसल्याची भावना आहे. म्हणूनच हा शब्द स्वतःबद्दल वापरायला चांगला आणि दुसऱ्याबद्दल वापरायला कठोर. ‘ही इज डिसकनेक्टेड फ्रॉम रिअ‍ॅलिटी’ म्हणजे त्याला वास्तवाचं भान नाही. मूल्यमापनाच्या फॉर्ममध्ये सहकाऱ्याबद्दल असं लिहू नका. नेमकं काय घडत नाही ते लिहा, उदाहरणार्थ बैठकीला येत नाही किंवा ईमेलला उत्तर देत नाही.

‘डिटॅच्ड’ शेजारचा वाटतो, पण त्याला चांगली बाजूही आहे. ‘अ डिटॅच्ड व्ह्यू’ म्हणजे तटस्थ, अलिप्त नजर, आणि न्यायाधीशाबद्दल ती स्तुती आहे. ‘डिसकनेक्टेड’ला अशी स्तुतीची बाजू नाही. घरातलं नातं दुरावलं असेल, विशेषतः पती-पत्नी किंवा बाप-मुलगा बोलेनासे झाले असतील, तर ‘एस्ट्रेंज्ड’. जुन्या मैत्रिणीशी संपर्क राहिला नाही तर ‘वी लॉस्ट टच’. तिथे ‘वी गॉट डिसकनेक्टेड’ म्हटलं की ऐकणाऱ्याला वाटतं मधेच फोन गेला.

भावनेच्या अर्थी ‘व्हेरी’, ‘अ बिट’, ‘इनक्रीजिंगली’, ‘इमोशनली’ ही विशेषणाला लागणारी क्रियाविशेषणं चालतात. वायर-पाइपच्या अर्थी ‘व्हेरी’ चालत नाही. वायर एक तर जोडलेली असते नाहीतर नसते. तिथे ‘कम्प्लीटली’ फार तर.

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांसाठी

ग्राफ थिअरीत, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेघांच्या गणितात, हा शब्द व्याख्येने बांधलेला आहे. ज्या ग्राफमध्ये निदान दोन बिंदू असे आहेत की एकापासून दुसऱ्यापर्यंत कोणताच मार्ग नाही, तो ‘डिसकनेक्टेड ग्राफ’. आधी जोडलेला होता का, हा प्रश्न इथे लागू नाही.

उपनगरी स्थानकांना बिंदू आणि त्यांमधल्या रुळांना रेघा माना. मेगाब्लॉकमध्ये ठाणे-दिघा गाव रेघ पुसली तरी ठाण्याहून कुर्ल्यामार्गे वाशी गाठता येते, म्हणून ग्राफ ‘कनेक्टेड’च राहतो. पण खारकोपरच्या पुढची रेघ पुसली तर उरणकडची स्थानकं वेगळी पडतात आणि ग्राफचे दोन ‘कंपोनंट’, म्हणजे दोन सुटे तुकडे, होतात. उरणकडची स्थानकं आपापसात अजून जोडलेलीच असतात. ‘डिसकनेक्टेड’ हे विशेषण संपूर्ण ग्राफचं, सुट्या स्थानकाचं नाही. ज्या बिंदूला एकही रेघ नाही तो ‘आयसोलेटेड व्हर्टेक्स’. पेपरात ‘डिसकनेक्टेड व्हर्टेक्स’ लिहून गुण घालवू नका.

तपासायची रीत सोपी: कुठल्याही एका बिंदूपासून निघा, रेघांवरून जिथे जिथे जाता येतं ते खुणा करत जा, शेवटी एकही बिंदू बिनखुणेचा राहिला तर ग्राफ ‘डिसकनेक्टेड’. बिंदू एन असतील आणि रेघा एन वजा एकपेक्षा कमी, तर न तपासताही तो ‘डिसकनेक्टेड’. उलटं मात्र खरं नाही. चार बिंदू, त्यांतल्या तिघांचा त्रिकोण आणि चौथा बाजूला: रेघा तीन, म्हणजे एन वजा एक, तरी ग्राफ तुटलेलाच. तोंडी परीक्षेत हेच उदाहरण द्यावं.

स्पेलिंग, उच्चार

एक ‘एस’, दोन ‘एन’, एकूण बारा अक्षरं. बहुतेक चुका ‘एस’ दोनदा किंवा ‘एन’ एकदाच लिहिल्याने होतात. ‘डिस’ आणि ‘कनेक्टेड’ वेगळे लिहून मग जोडले की चूक होत नाही. बोलताना चार ठोके, डिस-क-नेक्-टिड, आणि जोर ‘नेक्’वर. शेवटी ‘टेड’ लांबवू नये, हलका ‘टिड’ पुरे.

‘देअर इज अ डिसकनेक्ट बिट्वीन सेल्स अँड सपोर्ट’ हे बैठकीतलं वाक्य बरोबर आहे. तिथे तो शब्द नाम आहे, विशेषण नाही, म्हणून मागे ‘फ्रॉम’ येत नाही, ‘बिट्वीन’ येतं आणि दोन्ही बाजूंची नावं घ्यावी लागतात.